भाकरीवाले नर आणि बिनभाकरीच्या माद्या

मी पेणचा. लगेच गणपती काढू नका! पेण म्हटलं की समोरचा विचारणारच, "मग मूर्तींचा कारखाना असेल तुमचा?" नाही हो. मूर्ती करणारे ते हमरापूरकडचे. आमचं गाव खाडीच्या अंगाला, मिठागरांचं, आणि मी जन्मभर काम केलं ते जिवंत उंदरांत. रोह्याला औषधांवर संशोधन करणारी एक संस्था होती, तिच्या प्राणिघराचा मी सुपरवायझर. प्राणिघर हा शब्द पाटीवरच. रोह्यात सगळे उंदीरखानाच म्हणायचे. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं होतं, "उंदीर मारायची नोकरी काय?" मी म्हटलं, "मारायची नाय, पाळायची." तर त्यांचं तोंड आणखीच उतरलं.

असो, माझं पुराण राहू द्या. सांगायचंय ते ठमाबाईचं. परवा संस्थेतला कुणी नवा पोरगा बाजारात भेटला, म्हणाला, "कमळाकरकाका, ती भाकरीवाली बाई खरंच होती का हो?" होती का म्हणजे? अजून आहे! पुलापलीकडं अष्टमी गावात राहते, गुडघे दुखतात म्हणून कण्हते आणि सगळा बाजार पायी करते. लोकांनी तिची गोष्ट ऐकीव, अर्धीमुर्धी करून ठेवलीय. मला राग येतो. म्हणून एकदा नीट सांगतो.

ठमाबाईचं माहेर आमच्या शेजारच्या गावचं. पोरवयापासून मिठागरावर. पुरुष मीठ ओढून बांधाला लावायचे आणि बायका पाट्या डोक्यावर घेऊन ढिगापर्यंत न्यायच्या, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. पायांच्या भेगांत मीठ जायचं. लग्न होऊन ती अष्टमीला आली. नवरा जगन, थोडी भातशेती आणि बाकी मजुरी. आमच्याकडं बाटल्या धुवायला बाई हवी होती, तेव्हा आपल्या खाडीची म्हणून मीच तिला चिकटवली. तिशी उलटलेली, सही करण्यापुरतं शिक्षण, आणि जीभ अशी की कात्री बरी.

नवी बाई आली की पहिल्या दिवशी हमखास किंचाळायची. आम्ही सगळे मजा बघायला दारात उभे. ठमाबाईनं पिंजऱ्याचं झाकण उघडलं, शेपटीला धरून एक पांढरा उंदीर उचलला, तळहातावर घेतला आणि आमच्याकडं बघून म्हणाली, "ह्याला घाबरायचं? मुकादमाच्या हाताखाली राबलेय मी. ह्यो चावला तर थेंबभर रगत येईल, तेवढंच." आमची मजा संपली. सगळे आपापल्या कामाला लागले.

वर्षभरात ती बाटल्यांवरनं पिंजऱ्यांवर आली. आता उंदीर पाळणं म्हणजे दाणे टाकले आणि झालं, असं नसतं. आमच्याकडं जाती होत्या. एक काळी जात, कोळशासारखी. एक भुरी, घरातल्या उंदरासारखीच दिसणारी. एकेका जातीत पिढ्यान् पिढ्या सख्ख्या भावाबहिणींचीच जोडी लावलेली, त्यामुळं त्या जातीतले सगळे उंदीर रक्तानं अगदी एकसारखे. हे ठमाबाईला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "सख्खे भाऊभैन? शी! आन् हे शिकलेली माणसं करतात?"

तिला समजावलं ते टिपणीस मॅडमनी. डॉक्टर वैजयंती टिपणीस, रोह्याच्याच, शिकून परदेशी जाऊन परत आलेल्या. त्या चिडायच्या नाहीत, समजावायच्या. "ठमाबाई, सगळे एकसारखे असले आणि तरी दोघांत फरक पडला, तर तो फरक कशामुळं पडला ते शोधता येतं. सगळेच वेगवेगळे असले तर काय शोधणार?" ठमाबाईनं थोडा विचार केला. "म्हंजे डाळ बिघडली तर मीठ जास्त का हळद, ते कळाय बाकीचं सारखं टाकाय पायजे." मॅडम खूश! मला मात्र त्यांनी हे तीनदा समजावलं होतं आणि मी तीनदा नुसती मान हलवली होती.

तिचा हात काय होता म्हणून सांगू! एक दिवसाची उंदराची पिल्लं, लालबुंद, शेंगदाण्याएवढी. त्यात नर कोण, मादी कोण, हे ओळखायला मला भिंग लागायचं. शेपटीखालच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर बघायचं. नराचं जास्त, मादीचं कमी, बस्स, केसाएवढा फरक. ठमाबाई नुसती शेपूट वर करायची आणि सांगायची, "पोरगा. पोरगी. पोरगी. पोरगा." मी म्हटलं, फेकतेय. पैज लावली. तीन आठवड्यांनी पिल्लं मोठी झाल्यावर बघितलं तर तिचं एकही चुकलं नव्हतं आणि माझी भिंग लावून दोन चुकली होती. त्या दिवसापासून मी भिंग कपाटात ठेवलं आणि तिलाच बोलवायला लागलो. पैजेची सुक्या बोंबलांची जुडी मात्र तिनं माझ्या बायकोकडून वसूल केली.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडं पावसाळ्यात लेप्टोचा ताप येतो. उंदरांच्या मुतातनं त्याचा रोगजंतू शेतातल्या पाण्यात उतरतो, आणि पायाला चीर असली की माणसाच्या अंगात. एका पावसाळ्यात ठमाबाईच्या जगनला झाला. नऊ दिवस दवाखान्यात होता. बरा होऊन आला आणि पुढं दोन वर्षं त्यानं त्या नऊ दिवसांच्या गोष्टी सांगून सगळ्या आळीचं डोकं उठवलं.

त्याच सुमारास मॅडम एकदा चहाच्या वेळी म्हणाल्या, "दवाखान्यातले आकडे बघते तर रोगी बहुतेक पुरुषच. साहजिक आहे म्हणा, चिखलात काम पुरुषांचं."

ठमाबाईनं कप खाली ठेवला. "कोण म्हंतं?"

"म्हणजे, शेतात..."

"मॅडम, लावणी कोण करतं? बाप्या नांगर फिरवून बांधावर बिडी वढीत बसतो. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभ्या कोण? आमी! माझ्या पायाला भेगा, जगनच्या पायाला भेगा. एकाच खाचरात दोघं. त्यो आडवा झाला, मला साधी शिंक नाय आली. मंग?"

मी म्हटलं, झालं, आता मॅडम रागावणार. मॅडमनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "ठमाबाई, हेच शोधू या. बाईच्या अंगातच काही वेगळं आहे का?"

झाला प्रयोग सुरू. काळे आणि भुरे, दोन्ही जाती. प्रत्येकातले दहा नर, दहा माद्या. सगळ्यांना तेवढेच जंतू टोचायचे, वेगळ्या बंद खोलीत ठेवायचं, आणि रोज वजन करायचं. आत जाताना झगा, मुखपट्टी, हातमोजे, गमबूट. त्या खोलीत मॅडम, मी आणि ठमाबाई, तिघांनाच परवानगी. खाणंपिणं, भुसा, पाणी, उजेड, सगळं सगळ्यांना अगदी सारखं. तसं रोज लिहून खाली सही करायचं काम माझं.

दोन आठवड्यांनी काय दिसलं? काळ्यांना काहीच झालं नाही, ना नराला ना मादीला. जणू पाणी टोचलं होतं. भुऱ्यांत मात्र दहापैकी सात नर आजारी. अंगावरचे केस उभे, पाठ बाक काढलेली, वजन रोज कमी. आणि भुऱ्या माद्या? एक जराशी मलूल, बाकीच्या नऊ टुणटुणीत, पिंजऱ्यात चाकावर फिरतायत!

मॅडमचा आनंद मी आयुष्यात विसरणार नाही. स्वतः गाडी काढून कोलाडच्या नाक्यावर गेल्या आणि गरम वडे घेऊन आल्या, चटणीसकट. जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं चार चौकोन काढून आम्हाला सांगायला लागल्या. "हे बघा, रक्त महत्त्वाचं, म्हणून काळे वाचले. आणि भुऱ्यांत रक्त एकच, तरी नर पडले, माद्या उभ्या. बाकी सगळं सारखं होतं. अन्न सारखं, पाणी सारखं. म्हणजे फरक नर असण्यात आणि मादी असण्यातच आहे!" शुक्रवारी मुंबईहून मोठे साहेब येणार होते. ते खूश झाले की पुढची तीन वर्षं काम चालणार होतं.

मी तिसरा वडा उचलताना बघितलं तर ठमाबाईच्या हातातला पहिलाच तसाच. ही बाई वडा टाकून बसेल? मी तिला धुण्याच्या खोलीत गाठलं.

"काय झालं गो? जगनला परत ताप?"

"भाऊ," ती म्हणाली, "सगळ्यांचं खाणं सारखं नव्हतं."

मी दार लोटून घेतलं.

"मी पोरींना भाकरी देत व्हते."

"कुठल्या पोरींना?"

"माद्यांना. काळ्या, भुऱ्या, सगळ्या. माझ्या डब्यातली, तांदळाची. नखाएवढा तुकडा, रोज. पयल्या दिवसापासून."

झग्याच्या खिशात भाकरी लपवून ही बाई रोज त्या खोलीत जात होती, आणि मी रोज खाली सही करत होतो की सगळ्यांना सारखंच! मी तिच्यावर असा ओरडलो की बाहेरच्या बादल्यांनी ऐकलं असेल. "अगं पण का? त्यांना गोळ्या नव्हत्या का? पोषणाच्या, मोजून आलेल्या?"

"गोळ्या म्हंजे काय जेवण?" तीही चढ्या आवाजात. "मिठागरावर आधी बापे जेवायचे. आमी पाट्या टाकून येईपर्यंत तपेल्याला खरवड राह्याची. आई ती खरवडून आमा पोरींना वाटायची आन् सोता पाणी प्यायची. जलमभर हेच बघितलं. मी म्हटलं, ह्या खोलीत माझं राज्य हाय. इथं तरी बाया आधी खातील!" आणि मग एकदम आवाज बसला तिचा. "मला काय ठावं, मॅडम त्याच्यावरच बोट ठेवतील."

मी सांगितलं ते आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हटलं, "गप्प बस. एक अक्षर काढू नको. नखाएवढ्या तुकड्यानं कुठं रोग थांबतो? शुक्रवार होऊ दे. साहेब जाऊ देत. तुझी नोकरी जाईल, माझी जाईल, मॅडमचं काम बुडेल. सगळं कशासाठी, तर भाकरीसाठी?"

ती बादली उचलून निघून गेली. मला वाटलं, पटलं.

कसलं पटतंय! गुरुवारी सकाळी बघतो तर ही बाई मॅडमच्या दारात. मी धावत मागं गेलो, पण उंबऱ्याशीच थांबलो. तिनं सगळं सांगून टाकलं होतं. मॅडम खुर्चीत बसलेल्या, समोर शुक्रवारचे कागद.

"म्हणजे मी मोजलं काय?" मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मादी असणं मोजलं, की भाकरी?"

"तेच तर, मॅडम. म्हनून आले."

मग मॅडम रागावल्या. पहिल्यांदा आणि शेवटचं मी त्यांना रागावलेलं बघितलं. कागदांसाठी नाही, ती घरचं अन्न घेऊन त्या खोलीत गेली म्हणून. "तुम्हालाच लागण झाली असती तर? मी जगनला काय तोंड दाखवलं असतं?" ठमाबाई मान खाली घालून उभी. "काढून टाका मला," ती म्हणाली. "पण माझ्यामुळं तुमचं काम खोटं नको."

"कमळाकरना माहीत होतं?"

मी दाराबाहेर.

"त्यांना काल सांगितलं," ठमाबाई म्हणाली. "त्यांनीच धाडलं मला. म्हणाले, जा, मॅडमना सांगून ये."

सगळं खरं सांगायला आलेली बाई, आणि एवढं एकच खोटं बोलली. तेही माझ्यासाठी. मी तिथून निघालो आणि बाटल्यांच्या खोलीत जाऊन नुसता उभा राहिलो.

शुक्रवारी मॅडमनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भाकरी?" म्हणाले. मग बरंच काही म्हणाले, ते सगळं इंग्रजीत. शेवटी ठरलं असं की दिवाळीपर्यंत मुदत. प्रयोग पुन्हा करायचा. फरक टिकला तर काम चालू, नाही टिकला तर मॅडमचं काम बंद आणि ठमाबाई घरी. मला एक खरमरीत पत्र मिळालं, ते अजून माझ्या ट्रंकेत आहे.

बाहेर आल्यावर मॅडमनी ठमाबाईला बोलावलं. "नुसती भाकरी बंद करून चालणार नाही," म्हणाल्या. "आता भाकरी पण मोजू. उद्या भाकरी करून आणा, आणि नेहमी तोडता तसे तुकडे तोडा."

ठमाबाईनं तुकडे तोडले. मॅडमनी ते एकेक करून बारीक वजनकाट्यावर ठेवले. सगळे जवळजवळ एका वजनाचे! मॅडम हसायला लागल्या, मी हसायला लागलो. ठमाबाईला कळेना काय चाललंय. "हसताय काय? समद्यांना सारखं नको द्याया? भांडतील की!"

या वेळी काळ्यांना सोडून दिलं, ते तसेही आजारी पडत नव्हते. भुऱ्यांचे चार गट केले. नर भाकरीवाले, नर बिनभाकरीचे. माद्या भाकरीवाल्या, माद्या बिनभाकरीच्या. पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर मी अगदी असंच लिहिलं, आणि संस्थेत जो तो येऊन वाचून जायचा. भाकरी संस्थेतच शेगडीवर व्हायची. पीठ मोजून, आणि झाली की वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करायची. ह्यावर ठमाबाईचं डोकंच फिरलं. "भाजलेली भाकरी परत उकडायची? चामडं व्हतंय तिचं! कोण खाईल?" उंदरांनी खाल्ली. ती नाक मुरडत बघत राहिली.

बिनभाकरीच्या माद्यांच्या पिंजऱ्यासमोर मात्र तिचा जीव तुटायचा. त्या झाकणाला नाकं लावून उभ्या राहायच्या, आणि ही झगा घातलेली, मुखपट्टी लावलेली, हात मागं बांधून म्हणायची, "नाय गो बायांनो. ह्या बारीला नाय. माझं हात बांधल्यात." मी हळूच लक्ष ठेवून होतो. एक कण दिला नाही तिनं. सोपं नव्हतं तिला ते, मला माहीत आहे.

पाचव्या दिवसापर्यंत काही नाही. सहाव्या दिवशी वजन करताना एका नराचे केस उभे दिसले. चिठ्ठी बघितली, बिनभाकरीचा. मी चिठ्ठी परत वाचली. कारण भाकरीवाले नर ठणठणीत राहिले, तर सगळी करामत भाकरीची, आणि मग मॅडमचं काम संपलं, ठमाबाई घरी. सातव्या दिवशी आणखी दोन बिनभाकरीचे. मी ठमाबाईकडं बघेना, ती माझ्याकडं बघेना.

आठव्या दिवशी सकाळी तिनं भाकरीवाल्या नरांचा पिंजरा उघडला, एकाला हातावर घेतलं आणि उजेडाकडं नेलं.

"काय गो?"

"वजन करा, भाऊ."

वजन उतरलं होतं. चांगलं उतरलं होतं. दुसऱ्याचंही. तिसऱ्याची पाठ बाक काढलेली. भाकरी खाऊनसुद्धा! मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि ठमाबाईनं त्या उंदराच्या पाठीवरनं बोट फिरवलं. "माफ कर रं बाबा," ती म्हणाली. "तू आजारी पडलास आन् मला बरं वाटतंय. असली कसली मी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मुखपट्टीच्या आत ती हसत होती. दोन्ही खरं होतं.

दोन आठवडे पुरे झाले. नर भाकरीवाले, दहापैकी सात आजारी. नर बिनभाकरीचे, दहापैकी आठ. माद्या भाकरीवाल्या, एक. आणि माद्या बिनभाकरीच्या? शून्य! एकसुद्धा नाही! मॅडमनी दोनदा मोजलं, मग मला मोजायला लावलं, मग ठमाबाईला. मग त्या खोलीबाहेर आल्या, झगा काढला, आणि एवढी शिकलेली बाई, व्हरांड्यातून स्लीपर फटफटवत पळत सुटली. "ठमाबाई! टिकला! फरक टिकला!" ठमाबाई बाटल्यांची टोपली घेऊन येत होती. मॅडमनी तिला टोपलीसकट मिठी मारली. दोन बाटल्या फुटल्या. ठमाबाई म्हणाली, "फुटू द्या!" हे वाक्य तिच्या तोंडून मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

साहेबांचा मुंबईहून फोन आला. काम चालू. ठमाबाईची नोकरी कायम. मॅडमनी अहवालात भाकरीचा वेगळा परिच्छेद लिहिला, पिठाच्या वजनासकट. जगननं आळीत सांगितलं की आजारी पडणं हे पुरुषाच्या रक्तातच असतं, त्यात त्याचा काही दोष नव्हता, आता विज्ञानानंच तसं म्हटलंय. चार दिवस त्यानं काम केलं नाही. पाचव्या दिवशी ठमाबाईनं त्याला विळा हातात देऊन खाचरात उभा केला.

संध्याकाळी आम्ही दोघं पिंजरे आवरत होतो. मी मोकळा झालो होतो, जरा फुशारलोही होतो. तिला चिडवायला म्हटलं, "काय गो ठमाबाय, एवढा आटापिटा केलास. साहेबांच्या शिव्या, मला पत्र, दोन महिने पोटात गोळा. आणि शेवटी उत्तर तेच आलं! तेव्हा गप्प बसली असतीस तरी हेच झालं असतं."

ती भुसा झटकत होती. थांबली. बिनभाकरीच्या माद्यांच्या पिंजऱ्याकडं बघितलं. त्या एकमेकींच्या अंगावर पडून झोपल्या होत्या.

"उत्तर तेच, भाऊ," ती म्हणाली. "पण तवा ते माझ्या भाकरीचं व्हतं. मी दिली म्हनून त्या जगल्या, असं कुणीबी म्हटलं असतं, मीच पयली म्हटलं असतं. आता ते त्यांचं हाय. कुणी कायबी दिलं नाय, तरी उभ्या ऱ्हायल्या."

आणि परत भुसा झटकायला लागली.

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. दोन महिने संस्थेत जो तो माझी पाठ थोपटत होता, कमळाकरनं बाईला बरोबर वाट दाखवली म्हणून. मी ती थोपटून घेत होतो. मी बाटली खाली ठेवली, हात धुतले आणि जिना चढून वर गेलो. मॅडमची खोली उघडी होती. मी म्हटलं, "मॅडम, ठमाबाईला मी धाडलं नव्हतं. मी तिला गप्प बस म्हणून सांगितलं होतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बसा," म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."

मी बसलो आणि सगळं सांगितलं.